फौंड्रीतलं प्रशिक्षण: आधी परीक्षा ठरवा, धडा नंतर लिहा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतल्या फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, नव्या कामगाराला शिकवायच्या दोनच पद्धती सर्रास दिसतात. एक तर त्याला जुन्या माणसाच्या हाताखाली सोडतात, नाहीतर कॉन्फरन्स रूममध्ये बसवून स्लाइड दाखवतात आणि हजेरीवर सही घेतात. पहिल्या पद्धतीत जुन्या माणसाच्या चांगल्या सवयींबरोबर वाईट सवयीही उतरतात. दुसरीत कागद पूर्ण होतात, पण हाताला काहीच लागत नाही.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे इन्स्ट्रक्शनल सिस्टिम डिझाइन, म्हणजे प्रशिक्षणाची पायरीपायरीने केलेली आखणी. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीने अमेरिकी लष्करासाठी तिची पद्धतशीर मांडणी केली आणि पुढे विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन हे पाच टप्पे रूढ झाले. टप्प्यांची नावं पाठ करायला वेळ लागत नाही. घोटाळा होतो तो क्रमात. शिकवायचा मजकूर सगळ्यात शेवटी लिहायचा असतो आणि बहुतेक जण सुरुवातच तिथून करतात.

इथे सगळी पद्धत एकाच कामावर लावून दाखवली आहे: ग्रीन सॅण्ड मोल्डिंग लाइनवर (जिथे ओलसर वाळूचे साचे, म्हणजे मोल्ड, बनतात) नव्याने आलेल्या मुलांना वाळूची कॉम्पॅक्टिबिलिटी (ठोकल्यावर वाळू किती टक्के खाली बसते तो आकडा) तपासायला आणि आकड्यावरून निर्णय घ्यायला शिकवणं. काम छोटं आहे म्हणूनच निवडलं. पहिला कार्यक्रम नेहमी छोट्या कामाचा करावा.

हा प्रश्न शिकवून सुटणार आहे का?

सुरुवात रिजेक्शनच्या रजिस्टरपासून करा. मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी काढा आणि दोषाप्रमाणे, लाइनप्रमाणे, शिफ्टप्रमाणे वेगळ्या करा. समजा, बाद झालेल्या दर १०० कास्टिंगमागे (ओतून बनवलेल्या भागांमागे) ४० ब्लोहोलमुळे, म्हणजे गॅस अडकून धातूत पडलेल्या पोकळीमुळे, गेली. लगेच "वाळूचं ट्रेनिंग घेऊया" असं म्हणू नका. ब्लोहोल वाळूतल्या जास्त पाण्यामुळे पडतं, तसंच कमी पर्मिअबिलिटीमुळे (वाळूतून गॅस नीट निघून न गेल्यामुळे), कोअरमधल्या (आतली पोकळी ठेवण्यासाठी साच्यात बसवलेल्या गाभ्यातल्या) गॅसला वाट न मिळाल्यामुळे आणि थंड धातू ओतल्यामुळेही पडतं. आधी मेटलर्जी पाहणाऱ्या माणसासोबत बसून कारणांची वाटणी करा.

मग प्रत्येक कारणापुढे एकच प्रश्न विचारा: अगदी गळ्याशी आलं, तर या माणसाला हे काम बरोबर करता येईल का? प्रशिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मॅगर यांनी रूढ केलेली ही कसोटी फार उपयोगी आहे. येत असेल, तर त्याला शिक्षणाची गरज नाही. तो करत का नाही, ते शोधा. रात्रपाळीत सॅण्ड लॅबला कुलूप असेल, रॅमरची (नळीतली वाळू ठोकून बसवायच्या उपकरणाची) नळी झिजली असेल, किंवा तपासणीला थांबलं की मोल्डचा टार्गेट चुकतो म्हणून सुपरवायझर ओरडत असेल, तर कितीही चांगलं प्रशिक्षण दिलं तरी आकडा हलणार नाही. तिथे लॅबची चावी, नवी नळी आणि सुपरवायझरशी बोलणं हाच उपाय. मालकाला किंवा प्लांट हेडला हे स्पष्ट सांगायला जड जातं, पण ते इथेच सांगितलं पाहिजे, कारण नंतर अपयशाचं खापर प्रशिक्षणावर फुटतं.

येत नसेल तरच पुढे जा. जाण्याआधी एका पानावर लिहून सही घ्या: कोणता आकडा, आज किती आहे, किती व्हायला हवा, किती महिन्यांत, आणि त्यासाठी लाइन रोज किती मिनिटं मोकळी मिळणार. शेवटची ओळ नसेल तर बाकीच्या ओळींना अर्थ नाही.

शिकणारे कोण?

हे काम दोन दिवसांत उरकतं, पण टाळू नका. लाइनवरची मुलं कुठून आली, कोणती भाषा वाचतात, आयटीआय झालेली किती, टक्केवारी समजते का, हे प्रत्यक्ष बोलून काढा. मराठीबरोबर हिंदी आणि सीमेकडून येणारी कन्नड बोलणारी मुलं एकाच पाळीत असू शकतात. भाषा बोलता येते म्हणजे वाचता येते, असं धरू नका. त्याच फेरीत जागाही बघा: आवाज किती आहे, धुळीत मोबाइलचा स्क्रीन दिसतो का, रॅमरपाशी किती जण उभे राहू शकतात.

कामाची चिरफाड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. लाइनवरचा सगळ्यात भरवशाचा माणूस निवडा, त्याला काम करू द्या, शेजारी उभं राहून प्रत्येक हालचाल लिहा. मग दुसऱ्या कुशल माणसाचं तेच काम बघा. दोघांत जिथे फरक पडतो, तिथेच शिकवण्यासारखं काहीतरी दडलेलं असतं.

कॉम्पॅक्टिबिलिटीची चाचणी कागदावर सोपी दिसते. वाळू ६ मिमीच्या चाळणीतून नळीत सैल पडू द्यायची, वरची जादा वाळू सपाट काढायची, रॅमरचे तीन ठोके द्यायचे आणि वाळू किती टक्के खाली बसली ते मोजपट्टीवर वाचायचं. आता यातली प्रत्येक पायरी कुठे बिघडते ते बघा.

नमुना मिक्सरच्या तोंडाशी घेतला की मोल्डिंग मशीनच्या हॉपरमधून (वाळू साठवायच्या टाकीतून), यावर आकडा बदलतो. वाटेत बेल्टवर वाळू सुकते. लाइनचा निर्णय घ्यायचा असेल तर नमुना मोल्डिंगच्या जागीच घ्यायला हवा. उघड्या घमेल्यात नमुना नेला आणि वाटेत कुणी दोन मिनिटं थांबवलं, तर गरम वाळूचं पाणी उडून जातं, म्हणून झाकणाचा डबा लागतो. चाळणी न वापरता मुठीने वाळू भरली, तर ती नळीत आधीच दाबली जाते आणि आकडा कमी येतो. वरची वाळू काढताना पट्टी दाबून फिरवली तरी तेच. रॅमरचं वजन, सुमारे साडेसहा किलो, हँडलने फिरणाऱ्या कॅमने उचलून ५० मिमीवरून मोकळं पडायला हवं. घाई करणारा माणूस हँडल पूर्ण फिरवत नाही आणि तिसरा ठोका अर्धाच बसतो. मोजपट्टी तिरपी पाहून वाचली तर एक-दोन टक्क्यांची चूक सहज होते.

हे झालं हाताचं काम. खरी कुशलता निर्णयात आहे आणि ती नुसतं बघून लिहिता येत नाही, विचारून काढावी लागते. जुना मोल्डर मूठभर वाळू दाबतो, बोटांचे ठसे बघतो, गोळा मोडून कड बघतो आणि "आज वाळू मेली आहे" म्हणतो. त्याला "कशावरून?" असं विचारलं तर तो "अनुभव" म्हणून मोकळा होईल. गुऱ्हाळावरच्या गुळव्यालाही काहिलीतला पाक उतरवायची वेळ कशी कळते ते सांगता येत नाही, पण दोन पाक समोर ठेवून फरक विचारला की तो बरोबर खुणा सांगतो. मोल्डरसमोरही कोरडी, योग्य आणि ओली अशा तीन वाळू ठेवा आणि एकेकीतला फरक विचारा. कड धारदार मोडते की भुरभुरते, ठसा राहतो की नाही, हाताला चिकटते का, अशी उत्तरं भराभरा मिळतील. ती त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढे कार्डावर हेच शब्द जातील.

निर्णयाचा तक्ता लिहिताना मर्यादा तुमच्या लाइनच्या असाव्यात. उदाहरणासाठी ३८ ते ४२ टक्के ही योग्य मर्यादेची पट्टी धरू. खाली गेलं तर मोल्डच्या कडा तुटतात आणि वाळू कास्टिंगमध्ये जाते. वर गेलं तर मोल्ड फुगतो, गॅस वाढतो, ब्लोहोल पडतात. आकडा पट्टीबाहेर आला की पहिलं काम म्हणजे नवा नमुना घेऊन चाचणी पुन्हा करणं. पुन्हा तोच आकडा आला तर सुपरवायझरला बोलावणं. "पाणी सोडा" हे शिकाऊ माणसाच्या हातात द्यायचं नाही. मोल्ड मोडून पुन्हा वापरायला परत आलेली वाळू ५० अंशांच्या वर गरम असेल तर टाकलेलं पाणी टिकत नाही आणि मोल्डपर्यंत पुन्हा तीच कोरडी वाळू पोहोचते. शिवाय तोच आकडा मिळवायला आठवड्यागणिक जास्त पाणी लागायला लागलं, तर बारीक कण आणि जळालेली माती वाढल्याचा संशय घ्यायला हवा. पण हे सुपरवायझरच्या कार्यक्रमात घाला. नव्या मुलाच्या डोक्यावर पहिल्या आठवड्यात ते टाकू नका.

उद्दिष्ट लिहा, पण मोजता येईल असं

"वाळू तपासणीचं महत्त्व समजून घेणं" हे उद्दिष्ट होत नाही, कारण समजलं की नाही ते कुणालाच दिसत नाही. उद्दिष्टात तीन गोष्टी लागतात: काय करेल, कोणत्या परिस्थितीत, आणि कितपत बरोबर. आपल्या कामासाठी ते असं लिहिता येईल: "लाइनवरचा रॅमर आणि कार्ड जवळ असताना, हॉपरमधून स्वतः घेतलेल्या नमुन्याची कॉम्पॅक्टिबिलिटी पाच मिनिटांत काढेल, आकडा प्रशिक्षकाच्या आकड्यापासून दोन टक्क्यांच्या आत असेल, आणि तक्त्याप्रमाणे पुढची कृती सांगेल."

"कार्ड जवळ असताना" हे शब्द मुद्दाम आहेत. रोजच्या कामात कार्ड समोर असणारच असेल तर ते पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका. एका छोट्या कार्यक्रमाला अशी तीन-चार उद्दिष्टं पुरेत. दहा लिहिलीत तर कामाची चिरफाड नीट झालेली नाही असं समजा.

परीक्षा आत्ताच बनवा

उद्दिष्टाची शाई वाळायच्या आत परीक्षा लिहा. झाकणाच्या तीन डब्यांत कोरडी, योग्य आणि ओली वाळू भरा. डब्यांवर फक्त अ, ब, क. शिकाऊ प्रत्येकाची चाचणी घेईल, आकडा लिहील आणि काय करशील ते तोंडी सांगेल. नमुना घेण्याची पायरी वेगळी, लाइनवर उभं राहून तपासा. लेखी पेपरची गरज नाही.

निरीक्षकाच्या हातात यादी द्या. तिच्यात या पाच गोष्टींना "चुकली तर नापास" अशी खूण असावी:

- नमुना ठरलेल्या जागेवरून, झाकणाच्या डब्यात
- वाळू चाळणीतून, सैल भरलेली
- तीन पूर्ण ठोके
- आकडा दोन टक्क्यांच्या आत
- पट्टीबाहेरचा आकडा आल्यावर चाचणी पुन्हा, मग सुपरवायझर

मोजपट्टी पुसणं, जागा आवरणं वगैरे गोष्टींना गुण असतील, पण त्यावरून नापास करायचं नाही.

यातला एक सापळा सगळीकडे आढळतो. दोन प्रशिक्षकांना एकाच डब्यातली वाळू, एकमेकांचे आकडे न सांगता, तीन-तीन वेळा तपासायला लावा. त्यांच्या सरासरीतच दोन टक्क्यांहून जास्त फरक पडत असेल तर मुलांची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. आधी रॅमर, नळी आणि प्रशिक्षक तपासा. ही एक पायरी पुष्कळ भांडणं वाचवते.

सत्रांचा हिशेब

किती तास हवेत याचं उत्तर विषयाच्या पसाऱ्यात शोधू नका, हाताच्या सरावावरून काढा. परीक्षेआधी प्रत्येकाला १२ वेळा चाचणी करायला मिळावी असं ठरवलं आणि एका चाचणीला ३ मिनिटं धरली, तर चार जणांच्या बॅचला रॅमर १४४ मिनिटं लागतो. पाच सत्रांत वाटलं तर दर सत्राला २९ मिनिटं. म्हणजे ४५ मिनिटांच्या सत्रात बोलायला १६ मिनिटं उरतात. दहा जणांची बॅच केली तर हाच हिशेब ३६० मिनिटांवर जातो, दर सत्राला ७२ मिनिटं. मग मुलं रांगेत उभी राहून मोबाइल बघतात आणि दोघंतिघंच शिकतात. एक रॅमर असेल तर बॅच चारचीच.

पहिल्या सत्रात ब्लोहोल पडलेलं कापलेलं कास्टिंग हातात द्या आणि ते कशामुळे पडलं एवढंच बोला. मग प्रशिक्षकाने पूर्ण चाचणी सलग करून दाखवावी, न बोलता. दुसऱ्यांदा प्रत्येक पायरीचं नाव सांगत, तिसऱ्यांदा कारण सांगत. त्यानंतर शिकाऊने करावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी कारखान्यांत कामगारांना झटपट तयार करण्यासाठी तयारी, दाखवणं, करून घेणं आणि पाठपुरावा असा चार पायऱ्यांचा क्रम वापरला गेला. आजही हाताच्या कामाला तोच सगळ्यात भरवशाचा आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रात फक्त हात बसवायचा. ओलावा, पर्मिअबिलिटी, स्ट्रेंथ या बाकीच्या चाचण्या इथे आणण्याचा मोह होतोच, पण एका वेळी डोक्यात फार थोडं मावतं. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकापासून हे संशोधनातून मांडलं आहे. चौथ्या सत्रात अनोळखी डबे द्या आणि निर्णय घ्यायला लावा. इथे प्रशिक्षकाने लगेच उत्तर सांगू नये, "तक्ता काय म्हणतो?" एवढंच विचारावं. पाचव्या सत्रात सगळं लाइनवर, चालू शिफ्टमध्ये. परीक्षा दुसऱ्या दिवशी घ्या. त्याच दिवशी घेतलीत तर ताजी आठवण तपासली जाते, कसब नाही.

सत्रं सलग एका दिवसात उरकण्याचा आग्रह उत्पादन विभागाकडून होईल. मानू नका. अंतर ठेवून केलेला सराव टिकतो.

साहित्य: एक कार्ड, दोन व्हिडिओ

आता कुठे साहित्य बनवायचं. ए-४ आकाराचं, लॅमिनेट केलेलं एक कार्ड रॅमरच्या वर लावा. त्यावर तुमच्याच रॅमरचे, तुमच्याच चाळणीचे फोटो असू द्या. इंटरनेटवरची चकचकीत चित्रं नकोत, त्यातलं मशीन वेगळं असतं आणि मुलं गोंधळतात. प्रत्येक फोटोखाली चार-पाच शब्द, मराठी आणि हिंदीत. निर्णयाचा तक्ता हिरवा, पिवळा, लाल अशा तीन पट्ट्यांचा, आणि लाल पट्टीत त्या शिफ्टच्या सुपरवायझरचा फोन नंबर लिहायला रिकामी जागा.

व्हिडिओ दोनच: एक पूर्ण चाचणीचा आणि एक नेहमीच्या चुकांचा. प्रत्येकी तीन मिनिटांच्या आत. कॅमेरा काम करणाऱ्याच्या खांद्यामागून धरावा, म्हणजे त्याला जसे हात दिसतात तसेच बघणाऱ्याला दिसतील. समोरून काढला की डावं-उजवं उलटं होतं.

प्रशिक्षकासाठी एक पानाचा सत्र-आराखडा पुरतो: मिनिटं, काय करायचं, काय विचारायचं, कोणतं सामान. त्याला वाचून दाखवायला भाषण देऊ नका.

कच्ची चाचणी

प्रशिक्षणाच्या आखणीचे अभ्यासक वॉल्टर डिक आणि लू केरी यांच्या पद्धतीत कार्यक्रम आधी वापरून बघण्याचा हा टप्पा तीन पायऱ्यांचा आहे आणि इथेच सगळ्यात स्वस्तात चुका सापडतात. आधी एकेका शिकाऊबरोबर बसा, तिघे पुरेत: एक चपळ, एक मध्यम, एक अडखळणारा. त्याला कार्ड द्या आणि तोंडाने विचार करत काम करायला सांगा. तो जिथे थांबेल तिथे कार्डाचा दोष आहे असं धरा. "सपाट काढा" वाचून कुणी तळहाताने वाळू दाबली, तर शब्द बदलून "पट्टी न दाबता सरकवा" असं करा. मग चार जणांच्या गटावर पूर्ण कार्यक्रम चालवा आणि प्रत्येक भागाला खरोखर किती मिनिटं लागली ते नोंदवा. त्यानंतरच खऱ्या लाइनवर, खऱ्या शिफ्टमध्ये.

लाइनवर नेताना

उत्तम मोल्डर उत्तम प्रशिक्षक असेलच असं नाही. जो दुसऱ्याचे हात शांतपणे बघू शकतो आणि मध्येच हातातून रॅमर काढून घेत नाही, तो निवडा. सुपरवायझरांना कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी अर्धा तास बोलावून कार्ड समजावा. नाहीतर पहिल्याच शिफ्टला "ते राहू दे, मोल्ड काढ" असं ऐकून मुलगा सगळं गुंडाळून ठेवतो.

आकडे कसे वाचायचे

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या सांगितल्या: प्रशिक्षण आवडलं का, शिकले का, कामात वापरतात का, आणि कारखान्याला फायदा झाला का. पहिलीचा फॉर्म भरून थांबण्याची सवय मोडायला हवी. दुसरी पातळी म्हणजे आपली तीन डब्यांची परीक्षा. तिसरीसाठी ३० दिवसांनी न सांगता लाइनवर जा आणि तीच यादी घेऊन दहा मिनिटं बघा. चौथीसाठी ब्लोहोलचं रिजेक्शन.

चौथ्या पातळीवर उतावीळपणा करू नका. कोल्हापूरच्या पावसात उघड्यावर पडलेली नवी वाळू ओली होते, हवेतला दमटपणा वाढतो, आणि उन्हाळ्यात परतीची वाळू गार व्हायला वेळ घेते. एप्रिलचा आकडा जुलैशी ताडून पाहिलात तर प्रशिक्षणाचा परिणाम हवामानात मिसळून जाईल. शक्य असेल तर दोन सारख्या लाइनपैकी एका लाइनला आधी शिकवा, दुसरीला दीड महिन्याने, आणि मधल्या काळातला फरक बघा. नाहीच जमलं तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करा. मधल्या काळात बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती), कोअर बाइंडर (कोअरची वाळू चिकटवणारा पदार्थ) किंवा पॅटर्न (ज्यावरून साचा उठवतात तो नमुना) बदलला का, तेही त्याच कागदावर लिहा.

३० दिवसांनी मुलं चाचणी बरोबर करत असतील आणि रिजेक्शन तरीही हललं नसेल, तर सत्रं वाढवू नका. पहिल्या पायरीवर परत जा. कारणांची वाटणी चुकली असण्याची शक्यता जास्त. उलट परीक्षेत पास झालेली मुलं लाइनवर चाचणीच करत नसतील, तर पुन्हा टार्गेट, वेळ आणि सुपरवायझर बघायचे.

प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात आवृत्ती आणि तारीख छापा, आणि ते कोण बदलू शकतो त्याचं पद लिहा. वाळूच्या मर्यादा बदलल्या की त्याच दिवशी जुनं कार्ड खाली उतरवून फाडायचं, परीक्षेचे डबे नव्या पट्टीप्रमाणे भरायचे आणि आधी पास झालेल्यांची फक्त निर्णयाची परीक्षा पुन्हा घ्यायची. त्याला माणशी दहा मिनिटं पुरतात.